आणे घाटातली ट्रायल

सुदर्शनला बस विकायची होती, पण त्याआधी तिचं ओरडणं बंद करायला हवं होतं.

चावी फिरवली की इंजिनाच्या पुढच्या अंगाला अशी किंकाळी उठायची की राजुरीतली अर्धी आळी जागी व्हायची. शेजारची बायडाबाई तर म्हणायची, "भाऊ, तुमची गाडी वरडली की मी च्या ठेवते, घड्याळ बघायची गरजच न्हाई." ओरडायचे ते फॅनचे बेल्ट. रेडिएटरला वारा घालणारा मोठा पंखा इंजिनापुढं असतो, आणि त्याला फिरवतात ते शेजारी शेजारी बसवलेले दोन रबरी बेल्ट. सुदर्शनच्या बसचे बेल्ट घासून घासून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. गुळगुळीत बेल्ट पकड सोडतो, घसरतो, आणि घसरला की ओरडतो. दुखणं एवढंच. पण गिऱ्हाइकाला हे कोण समजावत बसणार? किंकाळी ऐकून तो म्हणणार, गाडी मरायला टेकली.

खरं तर मरायला टेकला होता सुदर्शन. वय त्रेपन्न, त्यातली सत्तावीस वर्षं क्लचवर पाय. आधी दुसऱ्याचे ट्रक, मग गेली अकरा वर्षं ही बस, एका कंपनीनं वापरून वापरून काढून टाकलेली. रोज अंधारात उठायचं, मढच्या अंगाला जायचं, तिकडच्या बायका कांद्याच्या लागणीला राजुरी-बेल्ह्याच्या रानात आणायच्या आणि दिवस मावळला की परत नेऊन सोडायच्या. डावा गुडघा आता जिना चढतानाही करकरायचा. डॉक्टर म्हणाले, क्लच सोडा. डॉक्टरांना बोलायला काय जातं!

पण या खेपेला सोडायची संधी चालून आली होती. नारायणगावच्या एका कोल्ड स्टोरेजवाल्यानं त्याला गेटवर बसायचं काम देऊ केलं होतं. खुर्ची, वही, आत येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे, बस्स. एक तारखेला हजर व्हायचं. वैजयंती, त्याची बायको, त्याला ओळखून होती. ती म्हणाली, "गाडी दारात हाय तवर तुमी काय सुटत न्हाई. कुणी हाक मारली की निघाले. आधी ती इका, मगच खुर्चीवर बसा." हे खरं होतं. नाही म्हणायची विद्या सुदर्शन कधी शिकलाच नाही. बस विकली गेली तर सुटका, नाही तर पुन्हा मढ आणि पुन्हा क्लच, हिशेब एवढा सरळ होता.

चार महिन्यांत गिऱ्हाईक आलं एकच. घोडेगावकडचा मच्छिंद्र. पूर्वी स्वतः ड्रायव्हर, आता मजुरांच्या टोळ्या सातगाव पठारावर बटाट्याच्या कामाला नेतो. माणूस सरळ, पण नजर घारीची. त्यानं फोनवर सांगून ठेवलं होतं, "भाऊ, रंग बघून मी गाडी घेत नसतो. इंजिनावर पुरा जोर देऊन आणे घाट चढून दाखवा. चढली की तिथंच सौदा."

म्हणून सुदर्शन आळेफाट्याला बेल्ट आणायला गेला. जुना बेल्ट सोबत नेला होता, पण त्याच्यावरचा नंबर कधीच पुसला गेला होता. दुकानदारानं तो खुंटीला अडकवला, शेजारी नवा लटकवला आणि म्हणाला, "हा घ्या, बरोब्बर एका लांबीचा." सुदर्शननं नकारार्थी मान हलवली. जुना बेल्ट ताणून लांबलेला असतो, त्याच्या मापाचा नवा घेतला तर तो महिन्याभरात ढिला पडणार. अर्धा इंच आखूडच हवा. मग रुंदी. बेल्ट पुलीच्या खाचेत वरच्या काठाबरोबर बसला पाहिजे, तळाला टेकला की संपला. दुकानदार कंटाळला. "एकच बदला की. दुसरा अजून वर्षभर चालंल."

"एक नवा, एक जुना चालत न्हाई," सुदर्शन म्हणाला. "जुना ढिला पडतो, सगळा वढा नव्यावर यतो, आन् मग नवाच तुटतो."

शेवटी त्यानं एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे, एकाच खेपेत बनलेले दोन बेल्ट निवडून घेतले. दुकानदार पुटपुटला, "सोयरीक जुळवायला आल्यासारखं करता राव." सुदर्शनला हसायचं होतं, पण तेवढाही दम नव्हता.

दुपारी त्यानं अंगणात बस उभी करून पुढची जाळी काढली. जवळच ओट्यावर त्याचे वडील बसले होते, सावळाराम, घरातले आबा. वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू, पण पाठ अजून ताठ. एकेकाळी या माणसाचा हात अवजाराला लागला की गाव बिनघोर झोपायचं. मोट शिवायची तर सावळाराम, नांगराचा कोन बसवायचा तर सावळाराम. शेजारच्या गावांतून बोलावणी यायची. मात्र स्वतःच्या पोरानं केलेलं एकही काम त्यांना कधी पटलं नाही. सुदर्शननं गाठ मारली तर ती सुटायची, खिळा ठोकला तर तो वाकडा असायचा, निदान आबांच्या मते तरी.

गेले दोन महिने मात्र आबांना घरात काहीच काम उरलं नव्हतं. त्यांनी विहिरीवरची मोटर चालू केली आणि विसरून गेले. मोटर जळाली. चाकणहून सुट्टीला आलेला नातू तोंडावर बोलला, "आबा, तुमी आता कशाला हात लावत जाऊ नका." पोरगं बोलून गेलं आणि विसरलं. म्हातारा विसरला नाही. तेव्हापासून त्यांनी गुरांना चाराही टाकला नाही. हात मांडीवर ठेवून बसायचे. तोंड तेवढं चालू होतं.

"उलटा घालशील," आबा ओट्यावरून म्हणाले.

"ह्याला उलटं-सुलटं नसतं आबा."

"सगळ्याला असतं."

याच बेल्टवर फिरून बॅटरी भरणाऱ्या डायनॅमोचा बोल्ट सुदर्शननं ढिला केला, डायनॅमो आत ढकलला, जुनी जोडी काढली, खाचा फडक्यानं कोरड्या केल्या आणि नवी जोडी हातानंच चढवली. लोखंडी पट्टीनं खेचून चढवली तर आतला दोरा तुटतो, हे त्याला उस्तादानं कान पिळून शिकवलं होतं. मग पहारीनं ताण देऊन बोल्ट आवळला. अंगठ्यानं दाबून पाहिलं. बेल्ट अर्धा इंच दबला, म्हणजे ताण बरोबर. इंजिन चालू केलं, जरा फिरू दिलं, बंद करून पुन्हा आवळलं. किंकाळी गेली होती. बायडाबाई दारात येऊन म्हणाली, "आता मी उठू कशी?"

"पट्टं लई कोरडं दिसत्यात," आबा म्हणाले.

"तसंच असत्यात," म्हणून सुदर्शन हात धुवायला गेला. एवढंच बोलणं झालं. आणखी दोन वाक्यं बोलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं, पण दमलेला माणूस आधी बोलण्यातच काटकसर करतो.

दुसऱ्या दिवशी लागणीला सुट्टी होती. मच्छिंद्र नऊच्या सुमारास ओळखीच्या एका टेम्पोतून आला आणि चहा घेऊन बसभोवती फिरला. टायर पाहिले, खाली वाकून चाकांवरचे पाटे पाहिले, सीटवर बसून स्प्रिंग दाबली. आबा तोवर स्वच्छ धोतर नेसून, टोपी घालून तयार होते. पहिल्या सीटवर जाऊन बसले सुद्धा.

"आबा, तुमी कुठं?" वैजयंतीनं विचारलं.

"शेवटचं बसून घेतो की गाडीत," म्हातारा म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा लागला. सुदर्शनला बरं वाटलं. त्यानं चावी फिरवली आणि इंजिन लोण्यासारखं चालू झालं. जरा सुद्धा आवाज नाही. मच्छिंद्रनं भुवया वर केल्या. "लई गुळगुळीत चाललंय राव!" सुदर्शनला मनातल्या मनात ती खुर्ची दिसायला लागली.

बेल्हे ओलांडलं. बाजाराचा दिवस नव्हता, रस्ता मोकळा होता. गुळुंचवाडी आली आणि चढ लागला. सुदर्शननं गिअर उतरवला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मच्छिंद्र ड्रायव्हरच्या बाजूला, आतल्या बोनेटला टेकून उभा होता, नजर काट्यांवर. आधी चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणला. सुदर्शनला वाटलं, वायर सैल असेल. मग पाण्याचा काटा हलला. नेहमी मध्यावर बसणारा काटा उजवीकडं सरकत निघाला. नवे बेल्ट, पाणी गळ्यापर्यंत भरलेलं, हवा थंड. गरम व्हायचं कारणच नव्हतं. तिसऱ्या वळणावर जळक्या रबराचा वास आला. काटा लाल रेघेच्या उंबऱ्यावर होता. त्यानं रुंद जागा बघून बस कडेला घेतली आणि इंजिन जरा रेंगाळू देऊन बंद केलं.

दोघं खाली उतरले. जाळी काढली. बेल्ट तुटले नव्हते, जागेवर होते. पण पुली, पंख्याचं कवच, रेडिएटरच्या पाकळ्या, सगळ्यावर तेलाचे शिंतोडे उडाले होते. सुदर्शनला आधी वाटलं, इंजिनाचं सील गेलं. मच्छिंद्रनं बेल्टवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि त्याचं तोंडच वाकडं झालं.

"इंजिनाचं न्हाई हे," तो म्हणाला. "एरंडेल हाय. बेल्टला एरंडेल चोपडलंय राव!"

सुदर्शनला त्या क्षणी सगळं कळलं. घरात एरंडेलाची बाटली एकच, आबांच्या उशाशी, टाचांना लावायची. आणि मोट! लहानपणी शंभरदा ऐकलेलं, मोटेच्या कातड्याला आणि तिच्या चामडी पट्ट्यांना, वाद्यांना, एरंडेल पाजलं नाही तर ती तडकतात. कोरड्या वादीवर मोट सोडणारा माणूस आबांच्या लेखी माणूसच नव्हता. त्यांना हे पट्टे कोरडे दिसले. सकाळी सुदर्शन आंघोळीला गेला असताना ते दगडावर चढून, जाळीतून हात घालून, चिंधीनं बेल्टला तेल पाजून आले होते. म्हणून तर गाडी इतकी गुपचूप चालू झाली. तेलानं आधी आवाज जातो आणि मग पकड.

"कुण्या येड्यानं केलं हे?" मच्छिंद्रनं मोठ्यानं विचारलं. "गाडीतलं काय बी कळत न्हाई अशा कुण्या तरी माणसाचं काम हाय."

वर, उघड्या खिडकीत, आबा बसले होते. हातभर अंतरावर. त्यांचं तोंड सुदर्शनकडं होतं.

खरं सांगणं सोपं होतं. माझ्या म्हाताऱ्यानं केलं, इंजिन चांगलं आहे, बेल्ट पुसतो, पुन्हा चढवून दाखवतो. मच्छिंद्र हसला असता आणि सौदा झाला असता. मग घोडेगावपासून मंचरपर्यंत चहाच्या टपऱ्यांवर तो हा किस्सा सांगत फिरला असता, तेही चाललं असतं. पण आबांनी ते इथं, आत्ता, स्वतःच्या कानांनी ऐकलं असतं. दोन महिन्यांनी या माणसाचा हात कामाला लागला होता. एकदा नातू बोललाच होता. आता स्वतःचा पोरगा परक्या माणसापुढं बोलला तर म्हाताऱ्याचे हात मांडीवरून पुन्हा उठणार नाहीत, हे सुदर्शनला लख्ख दिसलं. त्याला बापाचा रागही आला. खुर्ची हातातोंडाशी आली होती.

"मीच लावलं," तो म्हणाला.

"तुमी?"

"हां. म्हणलं, आवाज जाईल."

मच्छिंद्र त्याच्याकडं बघत राहिला. नजरेत राग नव्हता, कीव होती, आणि ती जास्त लागली. "सत्तावीस वर्सं गाडी चालीवली भाऊ तुमी," तो सावकाश म्हणाला. "बेल्टला त्याल लावू नये हे क्लीनरला बी ठावं असतंय. तुमी यवढं केलं, म्हंजी आतमंदी काय काय केलं असंल मला काय ठावं? आवाज लपवायला लावलं तर मग फसवणूकच झाली की. न्हाई राव. मला माझी माणसं बसवायचीत हिच्यात."

सुदर्शनकडं बोलण्यासारखं एकच होतं आणि ते तर गिळलं होतं. मागून एक एसटी चढत आली, मच्छिंद्रनं हात केला, वरच्या फाट्यावर उतरून परतीची गाडी धरतो म्हणाला, आणि चढताना आबांकडं बघून "येतो बाबा" असंही म्हणाला. माणूस वाईट नव्हता. एसटी वळणाआड गेली आणि घाटात एकदम शांतता झाली. तापलेलं इंजिन तेवढं टिकटिकत होतं.

सुदर्शन बंपरवर बसला. गुडघा ठणकत होता. एक तारीख सहा दिवसांवर आली होती, आणि दुसरं गिऱ्हाईक सहा दिवसांत काय आभाळातून पडणार होतं?

आबा दांडीला धरून एकेक पायरी उतरले. पुढं आले, वाकले, बेल्टकडं डोळे बारीक करून पाहिलं.

"तू कवा लावलंस?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"त्याल."

सुदर्शननं मान वर केली. म्हातारा खरोखरच विचारत होता. "काल," तो म्हणाला. "सांजच्याला."

"आरं तिच्या मारी!" आबांनी कपाळाला हात लावला. "मग मला सांगायचं न्हाई व्हय? मी बी लावलं की आज सकाळी! तू न्हायला गेलास तवा. दोन डाव झालं ते. कातड्याला एकच डाव लावायचं असतंय, जास्तीचं झालं की घसरतंय. मोटंचं बी असंच व्हतं."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. हसावं की रडावं, सुदर्शनला समजेना. त्यानं मान खाली घातली आणि आता येणाऱ्या बोलण्याची वाट बघत बसला. ते बोलणं त्याला पाठ होतं. तुला कधी अक्कल येणार, तुझ्या हाताला वळणच नाही, मी होतो म्हणून.

पण त्याऐवजी आबांचा हात त्याच्या पाठीवर आला. खरबरीत, हलका, तेलाचा वास येणारा.

"जाऊ दे," म्हातारा म्हणाला. "चुकतंय माणसाचं. मी काय कमी चुका केल्या? तुझा जीव बी दमलाय रं, दिसतंय मला. रोज रोज कुठवर वढशील? मनाला लावून घिऊ नगं."

त्रेपन्न वर्षांत बापानं त्याला असं कधी म्हटलं नव्हतं. खरोखर चुकला तेव्हा नाही, बरोबर होता तेव्हा तर नाहीच. आणि आज म्हटलं ते त्यानं न केलेल्या चुकीबद्दल. सुदर्शनचे डोळे वाहायला लागले. इतक्या वर्षांची तहान अशी फुकटच्या पाण्यानं भागावी याची त्याला लाज वाटली, पण भागली हे खरं. त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. आबांना नीट दिसत नव्हतं, ते एक बरं होतं.

"आता हे काढायचं कसं?" आबांनी विचारलं.

"कोरडी माती चोळायची. मग फडक्यानं पुसायचं. उतारानं घरापोत्तर जाऊ."

"मग बस तू. मी चोळतो."

म्हातारा कडेला गेला, बोटांनी चाचपत खडे बाजूला करून मऊ माती धोतराच्या सोग्यात घेऊन आला. सुदर्शननं बोल्ट ढिला करून बेल्ट उतरवले आणि एक त्यांच्या हातात दिला. आबा बस टेकून उभे राहिले आणि बेल्टची कड चिमटीत धरून तसूतसूनं माती चोळायला लागले. तोंडानं बारीक काहीतरी पुटपुटत होते. बेल्ट आता कामाचे राहिले नव्हते, रबरानं तेल प्यायलं होतं. पुन्हा आळेफाटा, पुन्हा दुकानदार, पुन्हा जोडी जुळवणं आलं. आबांपासून एरंडेलाची बाटली कशी लांब ठेवायची, हा आणखी वेगळा विचार होता. तो आत्ता करायचं त्राण सुदर्शनमध्ये नव्हतं.

खिशात फोन वाजला. वैजयंती होती. "चढली का? झाला सौदा?"

"न्हाई झाला."

"का? झालं काय?"

"माझीच चूक झाली," सुदर्शन म्हणाला. "आल्यावर बोलू. उद्याच्या भाकरी बांधून ठेव, मढला जायचंय."

"आन् आबा? आबा कुठं हायत?"

सुदर्शननं वळून पाहिलं. म्हाताऱ्यानं दुसरा बेल्ट मागायला हात पुढं केला होता.

"हायत की हितंच," तो म्हणाला. "कामात हायत."